यंदा नांगर घालायचा की नाही?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कळंबोलीच्या लोखंड बाजारात नेहमीसारखीच ट्रकांची गर्दी असते. पावसाआधी माल हलवायची घाई, ताडपत्र्यांची खरेदी, गोदामांच्या पत्र्यांची डागडुजी. त्याच आठवड्यात पनवेल तालुक्याच्या पूर्वेला, प्रबळगड आणि माथेरानच्या पायथ्याच्या गावांत वेगळीच आकडेमोड चाललेली असते. पॉवर टिलरवाला तासाला किती घेणार? लावणीला बाया मिळणार का, आणि मिळाल्या तर कोणत्या दिवशी? नाहीच मिळाल्या तर यंदा खाचर पडीक ठेवायचे का?

या दोन चित्रांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढच्या काळात कळंबोलीसह आसपासच्या अनेक गावांची भातशेती नव्या शहरासाठी गेली. ज्या घरांतली माणसे आषाढात गुडघाभर चिखलात उभी राहत, त्या घरांतली मुले आज लोखंड बाजारात, तळोजाच्या कारखान्यांत, बंदराच्या गोदामांत कामाला आहेत. ज्या गावांत शेती उरली, तिथेही लावणीचे हात उरलेले नाहीत. त्यामुळे आजोबांच्या काळी कोणी विचारलाच नसता असा प्रश्न आता दर जूनला उभा राहतो. जमीन नांगरायची का? चिखलणी करायची का? की काही न उकरता सरळ बी टोचायचे?

समाजमाध्यमांवर या प्रश्नाला दोन ठाम उत्तरे मिळतात. एक गट म्हणतो, नांगर हा मातीचा शत्रू आहे. दुसरा म्हणतो, नांगरल्याशिवाय शेती म्हणजे आळशाचा कारभार. मृदाशास्त्राचे उत्तर मात्र यापैकी कोणतेच नाही. मशागतीची पद्धत जमीन, पाणी, उतार, तण आणि हाताशी असलेली माणसे पाहून ठरवायची असते. हे समजून घ्यायला पनवेल-कर्जतचा पट्टा फार सोयीचा आहे. डोंगरापासून खाडीपर्यंतच्या थोड्याशा अंतरात इथे तीन प्रकारच्या जमिनी आहेत आणि तिघींचे उत्तर वेगवेगळे आहे.

नांगर नेमके काय करतो?

नांगरटीची मुख्य कामे चार. तण उपटून किंवा गाडून टाकणे, घट्ट झालेली जमीन मोकळी करणे, शेणखत आणि धसकटे मातीत मिसळणे, आणि बियाण्याला भुसभुशीत अंथरूण तयार करणे. ही चारही कामे खरी आहेत. माणसाने हजारो वर्षे नांगर धरला तो उगाच नव्हे.

लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती अनेक शेतकऱ्यांना वाटली आणि सुरुवातीला नांगर खपेनात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर घराघरांत पोचला. हरळी आणि कुंद्यासारख्या खोल मुळांच्या तणांनी गांजलेल्या देशावरच्या काळ्या जमिनींत त्याचा मोठा उपयोग झाला. त्यानंतर ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर आला. दर पायरीला माती अधिक खोल आणि अधिक बारीक होत गेली.

याची किंमतही आहे. माती म्हणजे नुसती भुकटी नव्हे. वाळू, गाळ आणि चिकणमातीचे कण सेंद्रिय पदार्थांच्या आणि बुरशीच्या धाग्यांच्या डिंकाने एकत्र चिकटून छोटे छोटे रवे बनतात. रव्यांच्या मधल्या पोकळ्यांतून हवा खेळते, पाणी मुरते, मुळे वाट काढतात. नांगरट आणि त्याहून अधिक रोटाव्हेटर हे रवे फोडतो. आत दडलेले सेंद्रिय द्रव्य एकदम हवेला उघडे पडते, जिवाणू ते झपाट्याने खातात आणि त्यातला कर्ब वायू होऊन उडून जातो. नव्याने नांगरलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी पीक तरारते, त्यामागे हीच मेजवानी असते. पण ती मातीच्या मुद्दलातून चाललेली असते. मुद्दल परत भरले नाही, तर काही वर्षांनी तेच शेत तितक्याच खतात कमी पिकते.

अमेरिकेत १९३० च्या दशकात मैदानी प्रदेशातली गवताळ जमीन नांगरून मोकळी केली होती. दुष्काळ पडला आणि सुटलेली माती वादळांनी उचलून नेली. १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर या कृषितज्ज्ञाने नांगरटीवरच प्रश्नचिन्ह लावणारे पुस्तक लिहिले आणि वाद पेटला. जपानमध्ये मासानोबु फुकुओका यांनी न नांगरता भात आणि रब्बी धान्ये घेऊन दाखवली. त्यांचे विचार आपल्याकडेही पोचले.

चिखलणीचा जमाखर्च

कोकणातली भाताची मशागत ही नांगरटीच्याही पुढची गोष्ट. खाचरात पाणी साठवून नांगर किंवा टिलर फिरवायचा, फळी मारून चिखल सपाट करायचा आणि त्यात रोपांच्या मुठी सोडवून लावणी करायची. चिखलणीत मातीचे रवे मुद्दाम मोडले जातात. बारीक चिकणकण खाली बसून छिद्रे बुजवतात आणि वर्षानुवर्षांच्या चिखलणीने वीतभर खोलीवर एक घट्ट थर तयार होतो. त्यामुळे पाणी खाली झिरपत नाही, खाचरात उभे राहते आणि उभ्या पाण्यात बहुतेक तणे उगवत नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भाताला जगण्यासाठी साठलेले पाणी लागतेच असे नाही. भाताच्या देठात आणि मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून तो पाण्यात तग धरतो. इतर तणांना ते जमत नाही. म्हणजे खाचरातले पाणी हे बऱ्याच अंशी तणनियंत्रणाचे साधन आहे. हे लक्षात आले की पुढचा प्रश्न सुचतो. तणांचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने झाला, तर चिखल लागेल का?

चिखलणीचे तोटे कापणीनंतर दिसतात. पाणी ओसरले की तीच माती भेगाळते आणि विटेसारखी कडक होते. वाल, हरभरा यांची मुळे घट्ट थरावर आडवी पसरतात. त्यात रायगडात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साधा हिशेब केला, तर एका गुंठ्यावर हंगामात सुमारे तीन लाख लिटर पाणी पडते. ताज्या चिखलावर जोराची सर आली, बांध फुटला किंवा जास्तीचे पाणी सोडावे लागले, की सर्वांत बारीक आणि सर्वांत सुपीक कण त्याबरोबर निघून जातात. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटरचा थर गेला, तरी ती पाच टनांच्या आसपास माती होते. जुलैत गाढी आणि कासाडी नद्या चहाच्या रंगाच्या होतात. त्यात बांधकामांची आणि खोदकामांची माती असतेच, पण शेतांचाही वाटा असतो. ती माती खाडीत आणि नाल्यांत बसते आणि पाण्याचा निचरा मंदावतो. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या सखल कळंबोलीला निचऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आणखी एक मुद्दा हवेचा. सतत पाण्याखाली असलेल्या मातीत प्राणवायू संपतो आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. माणसाच्या उद्योगांमुळे जगात जितका मिथेन हवेत जातो, त्याचा दहाव्या हिश्श्याच्या आसपासचा भाग भातखाचरांतून येतो.

चिखलातले आजारपण

मशागतीचा विचार करताना बहुधा उत्पादन आणि खर्च एवढेच पाहिले जाते. शेतात उभ्या असलेल्या शरीराचा हिशेब कोणी मांडत नाही. लावणीचे काम मुख्यतः बायका करतात. दिवसभर कमरेत वाकून, पाय चिखलात आणि पाठ पावसात. कंबरदुखी आणि गुडघेदुखी तर या कामात गृहीतच धरलेली. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या जखमांना मराठीत चिखल्या हा शब्दच आहे. सतत ओली राहिलेली कातडी फुगते, फाटते आणि तिथे बुरशी वाढते.

याच फाटलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शरीरात शिरतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो. बांधांत उंदरांची बिळे आणि खाचरात गुरांचा वावर असतो, त्यामुळे भातशेतीत हा धोका मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यांइतकाच खरा आहे. साधारण पाच ते चौदा दिवसांनी थंडी वाजून ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे ही लक्षणे दिसतात. उशीर झाला तर कावीळ, मूत्रपिंडावर परिणाम, फुप्फुसात रक्तस्राव इथपर्यंत मजल जाते. वेळेत प्रतिजैविके मिळाली तर आजार बरा होतो. म्हणून लावणीच्या दिवसांतला ताप 'भिजल्यामुळे आला' म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांना आपण चिखलात काम केले आहे हे आवर्जून सांगावे. कामाला जाताना जखमा झाकणे, शक्य तिथे गमबूट घालणे आणि घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करणे हे साधे उपाय आहेत. धोका जास्त असलेल्यांनी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात विचारावे.

चिखलात घालवायचे तास कमी झाले, तर हा धोकाही कमी होतो. मशागतीची पद्धत हा आरोग्याचाही प्रश्न आहे तो असा.

नेरळचा धडा

पनवेलच्या शेजारच्याच कर्जत तालुक्यात, नेरळजवळच्या सगुणा बागेत शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळणारी भातपद्धत विकसित केली. 'सगुणा राइस टेक्निक' किंवा एसआरटी या नावाने ती गेल्या दशकात राज्यभर माहीत झाली आणि कृषी खात्यानेही तिचा प्रसार केला.

पद्धत थोडक्यात अशी. पहिल्या वर्षी एकदाच जमीन नांगरून गादीवाफे पाडायचे. दोन सऱ्यांमधले अंतर साधारण साडेचार फूट. त्यानंतर हे वाफे कायमचे, पुन्हा नांगर लावायचा नाही. लोखंडी साच्याने ओल्या वाफ्यावर पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर खड्डे पाडायचे आणि प्रत्येक खड्ड्यात तीन-चार दाणे व थोडे खत टाकून झाकायचे. पेरणीनंतर लगेच उगवणपूर्व तणनाशक मारायचे. कापणी करताना भात उपटायचे नाही. बुडखा आणि मुळे जमिनीतच ठेवायची. मग त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भाजीपाला टोचायचा.

यामागचे विज्ञान मुळांत आहे. जमिनीत राहिलेली मुळे हळूहळू कुजतात आणि जागेवर नळ्यांसारख्या पोकळ्या राहतात. त्यांतून पाणी मुरते, हवा जाते, पुढच्या पिकाची मुळे उतरतात. मुळांचा कर्ब मातीतच राहतो. गांडुळांची घरे दरवर्षी मोडली जात नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या वाढते. वाफे उंच असल्याने मुळांना प्राणवायू मिळतो आणि सऱ्यांतून जास्तीचे पाणी निघून जाते. चिखल नाही म्हणजे चिखलणीचे डिझेल नाही, रोपवाटिका नाही आणि लावणीच्या रोजंदारीचा मोठा भार नाही.

रोपवाटिका नाही म्हणजे राबही नाही. राब भाजताना शेण, पालापाचोळा, ऐनासारख्या झाडांच्या फांद्या थर लावून जाळतात. त्या उष्णतेने तणांचे बी मरते आणि राखेतून रोपांना अन्नद्रव्ये मिळतात. जुन्या शेतकऱ्यांची ही युक्ती अडाणी नव्हती. पण तिच्यासाठी दरवर्षी झाडे छाटावी लागतात, मातीचा वरचा थर भाजतो आणि धूर नाकातोंडात जातो तो वेगळाच.

एसआरटीच्या अडचणीही आहेत. बी टोचायला जून महिन्यातली योग्य ओल साधावी लागते. टोचल्यावर लगेच मुसळधार पाऊस आला आणि वाफे बुडाले, तर बी कुजते. आधी पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर पाखरे आणि उंदीर ताव मारतात. चिखल नसल्याने मातीतले लोह रोपांना कमी मिळू शकते आणि पाने पिवळी पडतात. ज्या खाचरात सगळ्या शिवाराचे पाणी येऊन साचते, तिथे वाफे टिकत नाहीत. पाण्याला उतरायला वाट असलेल्या मध्यम जमिनीत ही पद्धत उत्तम चालते. खोलगट जमिनीत चिखलणी आणि लावणी अजूनही अधिक भरवशाची.

तणनाशकाची जागा

सर्वांत अवघड प्रश्न तणांचा. नांगर आणि साठलेले पाणी ही दोन हत्यारे खाली ठेवली, की तिसरे उचलावे लागते आणि बहुतेकदा ते तणनाशक असते. शून्य मशागतीत उभे तण मारण्यासाठी जगभर ग्लायफोसेट वापरले जाते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची नोंद 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात केली. इतर काही नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने भारतात ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरता येईल असा आदेश काढला.

तणनाशक कोणतेही असो, हातमोजे, मास्क आणि पूर्ण कपडे घालूनच फवारावे. वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवावे आणि मात्रा लेबलवरचीच घ्यावी. फवारणीत निष्काळजीपणा झाला तर काय होते, हे २०१७ मध्ये यवतमाळच्या कीटकनाशक विषबाधांनी दाखवून दिले आहे. पंप ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नये. चिखलातला आजार टाळून फवाऱ्यातला ओढवून घेणे हा काही नफ्याचा व्यवहार नाही.

रसायनाला पर्यायही आहेत, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. ताग, धैंचा यांसारखी दाट वाढणारी पिके, पेंढ्याचे आच्छादन, हाताने चालणारे कोळपे आणि तण फुलावर यायच्या आत ते कापणे. आणखी एक गोष्ट. नांगरटीने सगळीच तणे मरत नाहीत. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या कांड्या रोटाव्हेटरने तुटल्या, की एकाच्या दहा होतात. आपल्या शेतात कोणते तण आहे, हे ओळखल्याशिवाय हत्यार निवडू नये.

खाडीकाठचा न्याय वेगळा

आता पनवेलच्या पश्चिमेला वळू. खाडीलगतच्या खारजमिनी बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे आणि पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडायचे, ही इथली जुनी व्यवस्था. तिच्या देखभालीसाठी राज्यात १९७९ चा खारजमीन विकास कायदा आहे. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि तिथून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती आल्या.

खारजमिनीत मशागतीचा मुख्य हेतू मीठ हलवणे हा असतो. उन्हाळ्यात जमिनीखालचे खारे पाणी बारीक छिद्रांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे वर चढते, वर येऊन उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर राहते. एप्रिल-मेमध्ये अशा शेतावर पांढरी झाक दिसते ती हीच. जूनच्या पावसाने हे मीठ विरघळवून खाली किंवा बाहेर घालवले, तरच भात जगतो. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडून, ते खारट झाले की उघाडीतून सोडणे, हे इथे नांगरापेक्षा महत्त्वाचे काम आहे. कापणीनंतर वरचा थर हलका मोडला किंवा पेंढ्याने झाकला, तर ती 'वात' तुटते आणि उन्हाळ्यात मीठ कमी चढते. खोल नांगरट केली, तर मात्र खालची खारी माती वर येण्याची भीती असते. मोड आलेले बी चिखलावर फेकण्याची रहू पद्धतही खारपट्ट्यात जुनी आहे.

हाच प्रश्न किनाऱ्यावरच्या इतर समाजांनी आपापल्या रीतीने सोडवला. केरळात पोक्कळी भातासाठी उन्हाळ्यात शेतात मातीचे ढीग करतात. पावसाने ढिगांतले मीठ धुऊन गेले की त्यांवर मोड आलेले बी पेरतात आणि रोपे वाढली की ढीग मोडून माती पसरतात. गोव्याच्या खाजण जमिनींत कोरगुट ही क्षार सोसणारी जात टिकून आहे. यातली कोणतीही मशागत नेरळच्या वाफ्यावर नेली तर वेडेपणा ठरेल, आणि नेरळचा वाफा उघाडी मोडलेल्या खारात बांधला तर तोही.

उतारावर आणि घाटावर

तिसरी जमीन डोंगरउतारावरची वरकस. इथे पूर्वापार नाचणी आणि वरी. थर पातळ, दगड जास्त आणि पाऊस कोकणातला. उताराच्या दिशेने नांगर फिरवला, तर प्रत्येक तास पाण्याचा पाट होतो. म्हणून उतारावर जमीन न नांगरता कुदळीने खड्डे करून नाचणीची रोपे ठेवण्याची थोंबा पद्धत कोकणात आहे. शून्य मशागत हा शब्द पुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधीची ही शून्य मशागत. तिला समपातळीवर दगडी बांध आणि गवताच्या पट्ट्यांची जोड दिली, तर माती जागेवर राहते.

घाट चढून देशावर गेले की गणित पुन्हा बदलते. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. एका अर्थाने ती स्वतःच स्वतःला नांगरते. तिथे प्रश्न पाणी मुरवण्याचा आणि जास्त झाले तर काढून देण्याचा असतो. म्हणून सोयाबीन-हरभऱ्यासाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत उपयोगी ठरली.

जगभरचे पुरावेही याच दिशेने बोलतात. २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ६३ देशांतल्या ६१० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ४८ पिके होती. एकंदरीत नुसते नांगरणे थांबवले तर उत्पादन घटते, असे त्यात दिसले. पण नांगरट थांबवण्याबरोबर आच्छादन आणि पीकफेरपालट या दोन गोष्टीही केल्या तर घट बरीच कमी होते, आणि कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत तर उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. जमीन कमीत कमी हलवणे, ती झाकलेली ठेवणे आणि पिके बदलणे ही तिन्ही एकत्र चालतात. त्यांतले सोपे तेवढे उचलणाऱ्याला पश्चात्ताप होतो.

निवड कशी करायची?

प्रयोगशाळेआधी शेतकरी स्वतः करू शकतो अशा काही चाचण्या आहेत.

पहिली चाचणी कुदळीची. भात कापल्यावर हातभर खोल खड्डा घ्या. मुळे सरळ खाली गेली आहेत की वीतभर खोलीवर आडवी वळली आहेत? आडवी असतील तर घट्ट थर आहे. तो एकदा मोडल्याशिवाय शून्य मशागतीला हात घालू नका.

दुसरी ढेकळाची. वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा. लगेच विरघळून चिखल झाला, तर रवे कमकुवत आहेत. अशा जमिनीला आधी शेणखत आणि हिरवळीचे खत हवे. आकार धरून राहिले तर जमिनीत जीव आहे.

तिसरी पाण्याची. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा दाबा, पाणी ओता आणि ते किती वेळात मुरते ते पाहा. शेताच्या वरच्या आणि खालच्या भागात वेगळे उत्तर मिळेल. वरच्या भागात गादीवाफे आणि खालच्या भागात लावणी असे एकाच शेतात चालू शकते.

चौथी मिठाची. खाडीजवळच्या शेताची माती उन्हाळ्यात तपासून घ्या. अहवालात विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल, तर जमीन क्षारयुक्त समजतात. तिथे आधी बांध, उघाडी आणि जात पाहायची, मशागत नंतर.

पाचवी माणसांची. लावणीच्या आठवड्यात नक्की किती हात मिळतील, हे प्रामाणिकपणे लिहून काढा. दहा जणांची पद्धत दोघांत रेटली की लावणी लांबते आणि उशिरा लावलेला भात कमी फुटवे धरतो.

नांगरायचे ठरलेच, तर वापसा पाहून नांगरा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि अंगठ्याने ढकलला की फुटावा. चिकट ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घातला, तर जितकी माती वर मोकळी होते तितकीच खाली दाबली जाते. भाड्याचा ट्रॅक्टर आज मोकळा आहे म्हणून आजच नांगरायचे, ही या पट्ट्यातली सर्वांत महागडी सवय आहे. तिचे बिल मात्र पुढच्या वर्षी येते.

नवी पद्धत सगळ्या शेतावर एकदम लावू नये. दोन गुंठ्यांवर सुरुवात करावी, शेजारी नेहमीची लावणी ठेवावी आणि तीन हंगाम वहीत नोंदी ठेवाव्यात: मजुरी, डिझेल, खत, फवारणी, दाणे, पेंढा आणि चिखलात गेलेले तास. पहिल्या वर्षी उत्पादन थोडे घटले, तर घाबरून नांगर घालू नये. मातीची घडण बसायला वेळ लागतो. पण तिसऱ्या वर्षीही वही तोटा दाखवत असेल, तर कोणाच्या प्रेमाखातर पद्धत धरून बसायचेही कारण नाही.

पौषात पनवेल-अलिबागकडे पोपट्या लागतात. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा घालून मडके उलटे करून भाजतात, तेव्हा कळंबोलीच्या इमारतींतली मंडळीही गावाकडे धाव घेतात. भाताच्या खाचरातली उरलेली ओल उडण्याआधी बी पडले, म्हणून तो वाल पिकतो. ओल उडाली की टिलरचे किती फेरे मारले तरी ती परत येत नाही. जमिनीत काय आहे ते पाहून मगच हत्याराला हात घालायचा, हे वाल लावणाऱ्याला ठाऊक असते. जूनमध्ये भाताच्या वेळीही तेवढेच पाहायचे आहे.